सांधणे, दुरुस्त करणे आणि उभारणे : ढासळलेल्या तटाचे नेमके काय करायचे असते?

पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या 47व्या अधिवेशनात 11 जुलै 2025 रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी जिंजी तमिळनाडूत आहे आणि उरलेले अकरा महाराष्ट्रात. या अकरांमध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी असे चार किल्ले थेट कोकणच्या समुद्राशी निगडित आहेत, तर रायगड हा कोकणातलाच गिरिदुर्ग आहे. ही बातमी आल्यापासून मालवण, देवगड, हर्णै, अलिबाग अशा सर्व ठिकाणी एक मागणी वारंवार ऐकू येते, ती म्हणजे ‘आता तरी किल्ला पूर्वीसारखा परत बांधा.’ मागणीमागचा जिव्हाळा खरा आहे. 2020 च्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटबंदीचा काही भाग ढासळला, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या माणसांना जो चटका बसला तो ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या जिव्हाळ्याविषयी शंका येणार नाही.

अडचण ‘परत बांधा’ या शब्दांत आहे. बोलताना आपण ते सहज वापरतो. परंतु पुरातत्त्व विभागाच्या कामात, कायद्यात आणि युनेस्कोच्या नियमांत त्या एका शब्दप्रयोगाखाली चार वेगवेगळ्या कृती येतात. त्यांतली एक रोजची आहे, एक मर्यादेत करता येते, एक पुरावा असेल तरच करता येते आणि एकीला जवळजवळ मनाई आहे. हा फरक लक्षात न आल्यामुळे लोकांना वाटते की सरकार काहीच करत नाही, आणि विभागाला वाटते की लोक अवाजवी मागण्या करतात. तो फरक काय आहे आणि तो का पाळला पाहिजे, हे येथे पायरीपायरीने पाहू.

चार कृती

कोकणातल्या कौलारू घराची शाकारणी ज्यांनी केली आहे, त्यांना हा विषय निम्मा आधीच ठाऊक आहे. मृगाच्या आधी माणसे छपरावर चढतात, कौले उतरवतात, त्यांवरचे शेवाळ आणि पाचोळा झाडतात आणि तीच कौले पुन्हा ओळीने लावतात. ही झाली निगा. या कामात दहा-वीस कौले फुटलेली निघतात किंवा एखादा वासा वाळवीने खाल्लेला आढळतो. तेवढाच भाग नवा घालतात. ही झाली दुरुस्ती. आता 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळासारखे वादळ आले आणि छप्पर उडून कौले अंगणात, परड्यात विखुरली, तर घरातली माणसे धड राहिलेली कौले वेचून काढतात, कोणते पन्हळाचे आणि कोणते आढ्याचे हे पाहून वेगळे करतात आणि त्यांच्या त्यांच्या जागी परत चढवतात. ही तिसरी कृती, म्हणजे सांधणे. आणि जर मालकाने ठरवले की आता कौले नकोत, आजोबांच्या काळी घर जसे असेल असे वाटते तसे नवे बांधू, तर ती चौथी कृती, उभारणे.

घराच्या बाबतीत चौथी कृती करायला मालक मोकळा असतो, कारण घर राहण्यासाठी असते. किल्ल्याच्या बाबतीत दगड हाच दस्तऐवज असतो. सतराव्या शतकातल्या पाथरवटाने छिन्नी कशी चालवली, चुना कशाचा केला, तोफेचा मारा अंगावर घेण्यासाठी भिंतीची जाडी किती ठेवली, याची लेखी नोंद आपल्याकडे फारशी नाही. ती माहिती तटाच्या अंगात आहे. म्हणून किल्ल्यावरच्या प्रत्येक कामाचा पहिला प्रश्न ‘दिसेल कसे’ हा नसतो. या कामाने आहे तो पुरावा टिकतो की पुसला जातो, हा असतो.

तज्ज्ञांचा शब्द

तिसऱ्या कृतीसाठी जगभरात एक ग्रीक शब्द वापरतात : ॲनास्टायलोसिस. कोसळलेले खांब पुन्हा उभे करणे, असा त्याचा मूळ रोख आहे. व्याख्या सोपी आहे : जे भाग अस्तित्वात आहेत, परंतु एकमेकांपासून सुटले आहेत, ते ओळखून त्यांच्या मूळ जागी पुन्हा जोडणे. 1964 साली वास्तुसंवर्धनाविषयी जो व्हेनिस जाहीरनामा मान्य झाला, त्याच्या पंधराव्या कलमात उत्खनन झालेल्या स्थळांवर पुनर्बांधणी मुळातच वर्ज्य ठरवून केवळ या कृतीला मोकळीक दिली आहे. जोडण्यासाठी जे नवे साहित्य लागेल ते ओळखू आले पाहिजे आणि ते कमीत कमी असले पाहिजे, अशा दोन अटीही त्यासोबत आहेत. त्याच जाहीरनाम्याच्या नवव्या कलमात एक कसोटी आहे आणि माझ्या मते या संपूर्ण विषयात तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही : जेथे अंदाज सुरू होतो, तेथे काम थांबले पाहिजे.

यापुढे मी त्या ग्रीक शब्दाऐवजी ‘सांधणे’ हेच क्रियापद वापरतो.

आपल्या देशात याचे एक मोठे उदाहरण मध्य प्रदेशात मोरेना जिल्ह्यात आहे. बटेश्वर येथे प्रतिहारकालीन सुमारे 200 लहान-मोठ्या देवळांचा समूह अक्षरशः ढिगारा होऊन पडला होता. 2005 पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अधिकारी के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली ढिगाऱ्यातला एकेक दगड तपासून, कोणता शिखराचा, कोणता जोत्याचा, कोणता द्वारशाखेचा हे ठरवून त्यांतली अनेक देवळे पुन्हा उभी राहिली. ती नवी बांधलेली नाहीत. पडलेले दगड आपापल्या जागी परत गेले आहेत.

दगड आपली जागा कशी सांगतो

ढासळलेल्या तटाच्या पायथ्याशी पडलेले दगड लांबून सारखेच दिसतात. जवळ जाऊन एकच दगड नीट पाहिला, तर तो बरेच काही सांगतो. तटाच्या दर्शनी अंगाला बसवलेल्या दगडाची एक बाजू सपाट घडवलेली असते आणि तिच्यावर छिन्नीच्या तिरप्या रेघा असतात. मागची बाजू ओबडधोबड आणि निमुळती असते, कारण ती भिंतीच्या पोटातल्या भरावात रुतवायची असते. वरच्या व खालच्या बाजूंना चुन्याचे पांढरट पापुद्रे चिकटलेले असतात. ते किती जाड आहेत यावरून वरच्या आणि खालच्या थराशी त्याचा सांधा कसा होता, हे कळते. घडवलेल्या बाजूचा रंग पाहिला, तर वर्षानुवर्षे ऊनपाऊस आणि खारा वारा खाल्लेला भाग काळपट आणि दगडफुलाने माखलेला असतो, तर शेजारच्या दगडाखाली झाकला गेलेला काठ ताजा राहिलेला असतो. त्या ताज्या काठाची रुंदी आणि शेजाऱ्याच्या कडेची रेघ जुळली, की दोन दगड एकमेकांचे शेजारी होते हे सिद्ध होते. जंगीच्या, म्हणजे बंदूक रोखण्यासाठी ठेवलेल्या तिरकस छिद्राच्या, कडेचा दगड तर कोनावरूनच ओळखू येतो.

याखेरीज पडण्याचीही एक शिस्त असते. तट बाहेरच्या अंगाला फुगून ढासळला असेल, तर सर्वात वरचे थर साधारणतः सर्वात दूर आणि खालचे थर पायाच्या जवळ पडतात. म्हणून ढिगारा उपसण्याआधी त्याचा नकाशा काढावा लागतो. जमिनीवर चौकटी आखतात, प्रत्येक दगडाला क्रमांक देतात, छायाचित्रे घेतात, मापे घेतात. आता ड्रोन आणि लेझर मोजणीने हे काम पूर्वीपेक्षा लवकर होते. त्यानंतरच दगड हलवायचा. एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद-उंच असा काळ्या पाषाणाचा चिरा सुमारे सातशे किलोंचा भरतो. असा दगड एकदा चुकीच्या जागी गेला, तर तो पुन्हा काढायला कोणी धजत नाही.

नोंदीचे मोल किती, हे कंबोडियातल्या बाफुओन या देवळाने दाखवून दिले. फ्रेंच तज्ज्ञांनी 1960 च्या दशकात हे डळमळीत झालेले देऊळ सांधण्यासाठी उतरवले आणि सुमारे तीन लाख दगड आसपासच्या जंगलात क्रमाने मांडून ठेवले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला यादवी युद्धामुळे काम थांबले आणि ख्मेर रूज राजवटीच्या काळात कोणता दगड कुठला हे सांगणारी कागदपत्रे नष्ट झाली. 1995 मध्ये काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा प्रत्येक दगडाची जागा त्याच्या अंगावरून शोधून काढावी लागली. 2011 मध्ये ते पूर्ण झाले. दगड सगळे होते. हरवली होती ती वही, आणि तिच्यापायी कितीतरी वर्षे गेली.

‘नवा दगड बसवला तर काय बिघडते?’

काही वेळा काहीच बिघडत नाही. जांभ्याचा एखादा चिरा पूर्ण झिजून मातकट झाला असेल आणि त्याच्यावर वरच्या थरांचा भार असेल, तर तो काढून त्याच जातीचा नवा चिरा घालणे ही दुरुस्ती आहे आणि तिला कोणाची हरकत नसते. अट एवढीच, की नवा चिरा लांबून भिंतीत मिसळून जावा, पण जवळून पाहणाऱ्याला तो नवा आहे हे कळावे. यासाठी नव्या दगडावर बारीक तारीख कोरतात, किंवा त्याचा पृष्ठभाग किंचित आत ठेवतात. अभ्यासकाने शंभर वर्षांनी नव्या दगडालाच सतराव्या शतकातला समजू नये, यासाठी ही काळजी घ्यायची.

बिघडते ते जुना दगड धड असताना त्याला बाजूला सारून नवा, चकचकीत, यंत्राने कापलेला दगड लावला तर. कोकणात देवळांच्या जीर्णोद्धारात हे गेली अनेक वर्षे होत आले आहे. कोरीव लाकडी खांबांचे आणि कौलारू उतरत्या छपरांचे सभामंडप पाडून त्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आणि फरश्या आल्या. त्यामागची श्रद्धा मी नाकारत नाही. परंतु एका गावातल्या सुताराने आणि पाथरवटाने पिढ्यांपूर्वी केलेले काम त्यात कायमचे गेले, याचे दुःख बोलून दाखवले पाहिजे. किल्ल्यांच्या बाबतीत तरी तसे होऊ नये.

‘सिमेंटने भिंत भक्कम होत नाही का?’

हा आक्षेप सर्वात वाजवी वाटतो आणि म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असते, हे खरे आहे. जुन्या दगडी भिंतीचे नुकसान होते ते त्याच कठीणपणामुळे.

जुना तट म्हणजे दोन दगडी भिंती आणि त्यांच्यामध्ये दगडगोटे, माती आणि चुना यांचा भराव. कोकणच्या पावसात असा तट पाणी पितो. ते टाळता येत नाही. चुन्याचा सांधा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळा संपला की ते पाणी दगडांमधल्या दरजांतून हळूहळू उडून जाते. चुना किंचित मऊ असल्याने भिंत ऊनथंडीने फुगली-आकसली तरी ताण दरजा घेतात आणि दगड वाचतो. दरजा झिजल्या की त्या पुन्हा भरायच्या. तट राखण्याची पूर्वापार पद्धत हीच होती.

दरजा सिमेंटने भरल्या की पाण्याची ती वाट बंद होते. मग ते दगडातून बाहेर पडू लागते. किनाऱ्यावर त्या पाण्यात समुद्राचे मीठ असते. काही क्षार सिमेंटमधूनही येतात. दगडाच्या पृष्ठभागामागे पाणी उडून जाते आणि मिठाचे स्फटिक तेथेच वाढतात. स्फटिकांच्या वाढीचा दाब जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडाला सोसत नाही आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी असे दृश्य दिसते की सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या पुढे आल्या आहेत आणि त्यांच्या मधले चिरे खोल झिजून गेले आहेत. भरावात अडकलेले पाणी आतून रेटा देते ते वेगळेच. तटाला पोट येते आणि एखाद्या मोठ्या पावसात ते फुटते.

लोखंडाची गोष्ट याहून वाईट आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक देवळावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता निकोलाओस बालानोस यांनी पडलेले संगमरवरी भाग लोखंडी पट्ट्यांनी सांधले. मूळ ग्रीक कारागिरांनीही लोखंड वापरले होते, परंतु ते शिशाने वेढून. बालानोस यांच्या पट्ट्यांना तसे संरक्षण नव्हते. त्या गंजल्या, गंजताना फुगल्या आणि दोन हजार वर्षे टिकलेला दगड काही दशकांत तडकला. 1975 मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते सगळे लोखंड काढून टायटॅनियम वापरावे लागले. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याची परंपरा आपण अभिमानाने सांगतो. शिसे खाऱ्या पाण्यात लोखंडासारखे गंजून फुगत नाही, ही तिच्यातली समजण्याजोगी गोष्ट आहे.

म्हणून किनाऱ्यावरच्या किल्ल्याला चुनाच लागतो आणि तो करायला वेळ लागतो. चुनखडी किंवा शिंपले सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत भाजले की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी यांची जोड ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे असते. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड बनतो, आणि ही क्रिया महिनोन्महिने चालते. भर पावसात हे काम होत नाही. ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम हाती असतो, आणि जलदुर्गावर त्यातही सामान होडीने न्यावे लागते. कामाला उशीर होतो त्याची काही कारणे खरोखर अशी आहेत.

‘महाराजांच्या काळी होता तसा किल्ला का उभारायचा नाही?’

या प्रश्नात भावना सर्वाधिक गुंतलेली असते, आणि ती हलक्यात घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. उत्तर एका उपप्रश्नात आहे : महाराजांच्या काळी तो नेमका कसा होता, हे आपल्याला किती ठाऊक आहे?

रायगडाचे उदाहरण घ्या. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात आणि आगीत गडावरच्या इमारती गेल्या. दगडी जोती उरली. त्या जोत्यांवरून खोल्यांचा आकार, पायऱ्या, पाण्याची वाट हे सगळे समजते. परंतु जोत्यांवरचे लाकडी खांब किती उंच होते, त्यांवर कोणती कोरीव नक्षी होती, छपराचा उतार कसा होता, भिंतींना कोणता रंग होता, याची मापे असलेला नकाशा उपलब्ध नाही. उभारायचे म्हटले, तर हे सगळे आजच्या कोणा वास्तुविशारदाच्या मनातून येणार. पाहणारे मूल तो वाडा महाराजांचा समजून घरी जाईल आणि प्रत्यक्षात तो आपल्या काळातला असेल. महाराजांविषयीच्या आदरापोटीच मला हे मान्य होत नाही. त्यांच्या पायाखालची खरी जोती आपल्याजवळ असताना त्यांवर आपली कल्पना का रचावी?

व्यवहाराची बाजूही आहे. युनेस्कोच्या कार्यनियमांनुसार पुरातत्त्वीय अवशेषांची वा ऐतिहासिक इमारतींची पुनर्बांधणी केवळ अपवादात्मक परिस्थितीत समर्थनीय ठरते, आणि तीही संपूर्ण, तपशीलवार कागदपत्रांच्या आधारे. अंदाजाला तेथे जागा नाही. हे कागदावरचे शब्द नाहीत. जॉर्जिया देशातले बग्राती चर्च 1994 मध्ये गेलाती मठासह जागतिक वारसा यादीत आले होते. पुढे अवशेषांवर मोठी पुनर्बांधणी हाती घेतली गेली. 2010 मध्ये स्थळ धोक्यातील वारशाच्या यादीत गेले आणि 2017 मध्ये सीमा बदलून बग्रातीला वगळले. केवळ गेलाती उरले. उत्साहाने केलेल्या उभारणीने दर्जा गेला.

‘मग वॉर्साला कसे चालले?’

पोलंडची राजधानी वॉर्सा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केली. तिचा जुना भाग लोकांनी पुन्हा उभारला आणि 1980 मध्ये तो जागतिक वारसा झाला. बोस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल 1993 च्या युद्धात पाडला गेला, 2004 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि 2005 मध्ये यादीत आला. ही उदाहरणे खरी आहेत आणि आक्षेप घेणाऱ्यांनी ती पुढे करणे योग्यच आहे.

परंतु दोन्ही ठिकाणी पाडणारा हात आणि पुन्हा उभारणारी माणसे एकाच पिढीतली होती. शहर कसे दिसत होते हे पाहिलेले लोक हयात होते. वॉर्साबाबत युद्धापूर्वीची मोजणीची रेखाचित्रे आणि अठराव्या शतकातली बारकाव्यांनी भरलेली चित्रे हाताशी होती. शिवाय त्यांचा गौरव झाला तो एका समाजाने विध्वंसानंतर आपले शहर परत मिळवले या विसाव्या शतकातल्या घटनेसाठी. वॉर्साचा जुना भाग तेराव्या शतकातला आहे असे तेथे कोणी भासवत नाही. आपल्याकडे किल्ल्याचे मूल्य मूळ बांधकामात मानले आहे, आणि मधल्या दोनशे वर्षांत त्याची अनेक चिन्हे विरून गेली आहेत.

उलट, आपल्या किल्ल्यांवर जेथे भक्कम पुरावा आहे, तेथे सांधण्याला भरपूर वाव आहे आणि लोकांनी त्याचा आग्रह धरला पाहिजे. ढासळलेल्या तटाचे दगड पायथ्याशी पडून असतात, शेजारचा शाबूत तट थरांची उंची सांगतो, जुनी छायाचित्रे असतात. अशा जागी अंदाजाची गरजच पडत नाही.

घराच्या अर्जातले तेच शब्द

हा शब्दांचा फरक केवळ किल्ल्यापुरता नाही. 1958 चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, त्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीसह, संरक्षित स्मारकाभोवतीच्या वस्तीलाही लागू होतो. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा 200 मीटरचा भाग नियंत्रित मानला जातो. सिंधुदुर्ग किंवा सुवर्णदुर्ग यांच्याभोवती त्यात बहुतेक समुद्रच येतो. पण विजयदुर्गासारख्या, गावाला लागून असलेल्या किल्ल्याभोवती माणसांची घरे येतात.

हा कायदा तीन शब्दांच्या वेगवेगळ्या व्याख्या करतो. ‘बांधकाम’ म्हणजे नवी वास्तू किंवा असलेल्या वास्तूची उभी-आडवी वाढ. ‘पुनर्बांधणी’ म्हणजे पूर्वीची वास्तू तिच्याच उभ्या-आडव्या मर्यादेत पुन्हा उभारणे. ‘दुरुस्ती व नूतनीकरण’ म्हणजे असलेल्या वास्तूत केलेले बदल, ज्यांत बांधकाम आणि पुनर्बांधणी येत नाही. प्रतिबंधित भागात 16 जून 1992 पूर्वीपासून असलेल्या घराच्या मालकाला दुरुस्ती व नूतनीकरणासाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पुनर्बांधणीसाठी अर्ज करण्याची मुभा नियंत्रित भागात आहे, प्रतिबंधित भागात नाही. म्हणजे ज्याला छप्पर बदलायचे आहे आणि एक भिंत सावरायची आहे, त्याने अर्जात सवयीने ‘घर परत बांधायचे आहे’ असे लिहिले, तर तो आपल्या हक्काच्या परवानगीला स्वतःच मुकण्याची शक्यता असते. सरकारी कचेऱ्यांनी हा फरक मराठीत, एका पानावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला हवा. गावकऱ्यांना कायद्याची भीती वाटण्याचे एक मोठे कारण त्यामुळे नाहीसे होईल.

‘म्हणजे तट पडत राहिला तरी बघत बसायचे?’

मुळीच नाही. सांधण्याचे नियम कडक आहेत म्हणून निगाही थांबवावी, असे कोणताही जाहीरनामा सांगत नाही. तट एका रात्रीत पडल्यासारखा वाटतो, पण त्याची तयारी अनेक वर्षे चाललेली असते. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले उंबराचे किंवा पिंपळाचे बी दरजेत रुजते, मूळ भरावात शिरते आणि दोन दगडांमध्ये पाचरीसारखे जाडावत जाते. फांजीवरचे, म्हणजे तटावरून चालण्याच्या वाटेवरचे, पाणी वाहून नेणारे मार्ग मातीने बुजतात आणि पाणी भरावात उतरू लागते. समुद्राच्या बाजूला भरतीच्या लाटा पायाच्या दरजांतला चुना धुऊन नेतात आणि पाया पोखरला जातो. रोप बोटाएवढे असताना काढणे, पाण्याचे मार्ग पावसापूर्वी मोकळे करणे, दरजा चुन्याने भरणे, पोट आलेल्या भागाला तात्पुरता टेकू देणे, ही कामे दरवर्षी वेळेवर झाली तर सांधण्याची वेळ पुष्कळदा येणारच नाही. या कामांसाठी मोठा निधी लागत नाही. लागतात ती नेमून दिलेली माणसे, जी किल्ल्यावर रोज फिरतील. या बाबतीत विभागांवर लोकांनी जितका दबाव आणावा तितका थोडाच. नव्या प्रवेशद्वाराची आणि रोषणाईची मागणी मागे ठेवून आधी दरजांची मागणी करावी, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात गडसंवर्धनासाठी राबणारे तरुण गट पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कष्टांविना अनेक किल्ले आज झाडीत बुडाले असते. त्यांनी परवानगी घेऊनच काम करावे, हा नियम त्यांना जाचक वाटतो. परंतु मोठ्या झाडाचे मूळ हिसकून काढले, तर त्याने धरून ठेवलेले दगडही सोबत येतात. अशा वेळी झाड वरून कापून, मूळ जागीच मारून, पोकळी चुन्याने भरत जावी लागते. ढिगारा उत्साहाने उपसून दगड एका बाजूला नीट रचून ठेवले, तर जागा स्वच्छ दिसते, पण कोणता दगड कोठून आला ही माहिती त्याच दुपारी संपते.

पडलेला दगड दिसला तर

तो हलवू नये. त्याचे आजूबाजूच्या तटासह दुरून एक आणि जवळून एक अशी छायाचित्रे घ्यावीत. जवळच्या छायाचित्रात मापासाठी पट्टी किंवा वहाण ठेवावी. तारीख, भरती की ओहोटी आणि तटाचा कोणता भाग हे लिहून ठेवावे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि रायगड हे केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, तर खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. म्हणून पत्र कोणाला पाठवायचे हे किल्ल्यानुसार ठरते, आणि पोच घेतली पाहिजे. संरक्षित स्मारकाचा दगड काढणे वा नेणे यासाठी केंद्रीय कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तेव्हा घरी आठवण म्हणून तुकडा आणण्याचा मोह लहान मुलांनाही आवरायला शिकवावे.

ज्यांच्या घरी किल्ल्याची जुनी छायाचित्रे आहेत, त्यांच्याकडे तर विभागाकडेही नसेल असा पुरावा असू शकतो. चाळीस वर्षांपूर्वी बुरुजासमोर काढलेल्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या किंवा शाळेच्या सहलीच्या छायाचित्रात माणसांच्या मागे तटाचे थर मोजता येतात, जंग्यांची उंची कळते, आणि आज पडलेला भाग तेव्हा किती उभा होता हे दिसते. अशी छायाचित्रे मोठ्या आकारात स्कॅन करून, मागे वर्ष आणि जागा लिहून, तालुक्याच्या वाचनालयात आणि विभागाच्या कार्यालयात एकेक प्रत द्यावी. तट सांधणाऱ्या गवंड्याला चौथा थर संपून पाचवा कोठे सुरू होतो, हे त्यावरून ठरवता येते.